पूर्वीसारखा धावेल ना?

2025चा हंगाम सुरू होण्यापूर्वी कॅलिफोर्नियातून मुलाने दूरध्वनीवर विचारले, “बाबा, मॅकॅफ्री यंदा पूर्वीसारखा धावेल ना?” ख्रिश्चन मॅकॅफ्री हा अमेरिकी फुटबॉलमधील सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाचा, चेंडू घेऊन धावणारा खेळाडू. 2023 मध्ये 1459 यार्ड धावलेला; 2024 मध्ये टाचेमागील कंडरांचा दाह, पुढे गुडघ्याच्या अस्थिबंधाला इजा, आणि 17 पैकी 4च सामने. कंडरेचा रक्तपुरवठा बेताचा. ती चाहत्यांच्या दिनदर्शिकेप्रमाणे बरी होत नाही, असे मी डॉक्टरी थाटात सांगितले.

शेजारच्या खोलीत, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर, आई वॉकर धरून उभी होती. तिला रोज “आज किती पावले?” असे विचारणारा मीच. त्या सायंकाळी विचारले, “फार दुखतं का गं?”

“हो रे,” ती म्हणाली, “पहिल्या दिवसापासून.”