खिशात मावणारे दोन दावेदार

जुना डिजिटल कॅमेरा घ्यायचा हे तिचं पक्कं होतं. अडलं होतं ते कोणता यावर. बोरा बाजारातल्या दुकानदाराने काचेवर दोन मांडले, सोनीचा आरएक्स१०० आणि कॅननचा पॉवरशॉट एस११०. दोन्ही २०१२ सालचे.

कागदावर सोनीचं पारडं जड. सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, कॅननचा जेमतेम ७.४ बाय ५.६. क्षेत्रफळात पावणेतीन पटींचा फरक! २० आणि १२ मेगापिक्सेलच्या झगड्यात ती पडलीच नाही, तेवढ्या मोठ्या प्रिंट काढतंय कोण? पण रात्री ट्यूबलाइटच्या उजेडात चेहरे रवाळ यायला नकोत, आणि तिथे मोठा सेन्सरच कामाला येतो. त्यात सोनीची लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते, कॅननची एफ २ वर थांबते.

कॅनन मात्र हातात घेतला की जीव लावतो. लेन्सभोवतीचं कडं टिकटिक करत फिरतं, सोनीचं नुसतंच गुळगुळीत घरंगळतं. कॅननला टचस्क्रीन आणि वायफायही आहे. शिवाय २४ मिलिमीटरची रुंद नजर. छोट्या खोलीत मागे सरकायला जागा नसली की सोनीच्या २८ मध्ये कडेचा मामा हमखास कापला जातो.

वजनाचा मुद्दा तिने सोडूनच दिला. २४० आणि १९८ ग्रॅम, पर्समध्ये काय कळणार?

तिने सोनी उचलला. पकडायला पुढे काहीच नाही, निसटणार हे दिसतच होतं. म्हणून मनगटाची दोरी फुकटात मागून घेतली आणि मगच पैसे मोजले.