घरी दिसतं, बाहेरून दिसत नाही

छाटणीनंतर बाग चार-पाच पानांवर. मी बहिणीकडं अन् इकडं पाऊस. पान किती तास ओलं राहिलं ते बघून मी डाऊनीचा फवारा ठरवतो, नेमकं तेच मोबाईलवर उघडेना. भाऊ फोनवर म्हणाला, "दादा, घरात तर सगळं दिसतंय की." अंदाजानंच फवारा घ्यायला लावला. चूक माझीच, बाहेरून कधी उघडून बघितलंच नव्हतं.

परतल्यावर दोन रात्री घालवल्या. रास्पबेरी पाय चालू, एसएसएच चालू, पोर्ट फॉरवर्ड बरोबर. शेवटी सिमच्या राउटरच्या स्टेटस पानावर आयपी बघितला, १००.७२ नं सुरू होणारा. तिथंच कळलं. १००.६४ ते १००.१२७ हे पत्ते नेटवाल्यांच्या आतल्या वापराचे. बाहेरचा एकच पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला. याला सीजीनॅट म्हणतात. पाइपलाइनीचा एनआरव्हीच समजा. आतून बाहेर जातं, बाहेरून आत येत नाही. आपल्या राउटरला कितीही पोर्ट उघडा, अडतंय पुढं.

मग उलटं केलं. पब्लिक आयपीचा छोटा सर्व्हर भाड्यानं घेतला अन् दोन्हीकडं वायरगार्ड टाकलं. आता घरचा पायच बाहेर जाऊन जोडणी धरतो. त्यात कीपअलाइव्ह २५ सेकंद ही ओळ टाकाच. मी विसरलो, तर थोड्या वेळानं लाइन मुकी व्हायची. राउटरचं उघडं पोर्ट बंद केलं.

काल वीज जाऊन आली, पुन्हा ठप्प. सर्व्हिस 'एनेबल' करायची राहिली होती. केली.

खालच्या बांधाकडच्या ओळीत सहा वेलींवर तेलकट डाग सापडलेत. आज परत फवारा आहे.