विहीर कधी खणावी

तहान लागल्यावर विहीर खणायला घेऊ नये म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी विहीर खणताना पाहिलीय, कोण जाणे. मी पाहिली आहे. लांज्याकडच्या आमच्या आजोळी विहीर खणली ती ऐन वैशाखात. पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन परसात फिरला, नारळ उभा राहिला तिथे आजोबांनी दगड ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पहारी सुरू झाल्या. जांभ्याचा थर संपून काळा कातळ लागला तेव्हा सुरुंग लावायला माणूस आणावा लागला. मी विचारलं, पावसात का नाही खणत, तेव्हा माती मऊ असते ना? आजोबा हसले. पावसात कुठेही खणलंस तरी पाणी लागतं गं, आणि शिमग्याला तळ दिसतो. वैशाखात लागेल तो झरा खरा.

म्हणजे विहिरी खणतात त्या तहानेच्या दिवसांतच. मग ही म्हण काढली कुणी? बहुधा ज्याच्या दारात आधीच विहीर होती त्याने.

पण एवढ्यावर म्हणीला खोटं पाडता येत नाही. आजोबांची विहीर त्या उन्हाळ्याच्या कामी आलीच नाही. त्या वर्षीचं पाणी आजी आणि मामी खालच्या वाडीतून डोक्यावरूनच आणत होत्या.

ही म्हण आठवायचं कारण म्हणजे दिव्याला आमच्या मजल्यावर राहणारी मुलगी. ती एसवायबीकॉमला आहे. कॉलेज ठाण्याला, पण सकाळी ती निघते उलट्या दिशेने, डोंबिवलीला. तिथून सुटणारी लोकल पकडून पुन्हा दिव्यावरूनच पुढे जाते. कल्याणकडून भरून आलेल्या गाडीत दिव्याला चढायचं म्हणजे दारात लोंबकळायचं, आणि ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून माणसं दगावली तेव्हापासून तिच्या आईने ते बंद केलंय. लेडीज डब्यात मिळालेल्या त्या जागेवर तिचा अभ्यास चालतो. मोबाइलवर चालू घडामोडी, बॅगेत टॅलीची वही, शनिवारी बँकिंगचा क्लास. एवढं करून मला विचारते, "काकू, अजून काय करून ठेवू?"

आमच्या वेळी टायपिंग करून ठेवत. इंग्रजी चाळीस, मराठी तीस. सर्टिफिकेटं फायलीत आहेत, टाइपरायटर गेले. तरी वाया गेलं म्हणवत नाही, कारण बोटं सरावलेली होती एवढ्यावर मला पहिली नोकरी लागली. २००१ नंतर जो तो एमएस-सीआयटी करून ठेवू लागला. राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेसाठी मुलं वर्षानुवर्षं गोळे काळे करायचा सराव करत होती. आता तिथे वर्णनात्मक पेपर आले. हा बदल आधी २०२३ पासूनच व्हायचा होता. पुण्यात मुलं रस्त्यावर बसली म्हणून तो २०२५ वर गेला.

ठाण्यात महापालिकेची स्पर्धा परीक्षांची संस्था आहे, चिंतामणराव देशमुखांच्या नावाची. तिथे प्रवेश मिळवायचं तिच्या मनात आहे. माझ्या मनात देशमुखच घोळत राहतात. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, केंब्रिजला जाऊन शिकले काय, तर वनस्पतिशास्त्र. १९१८ मध्ये आयसीएसला पहिले आले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री. नोटेवर सही करताना पानांच्या शिरांचा काय उपयोग झाला असेल? मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली होती. त्या संस्कृतातून पुढे मेघदूताचा मराठी अनुवाद झाला. बढतीच्या कुठल्याच कागदावर त्याची नोंद नसणार.

हे तिला सांगावं म्हणून एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. मॅट्रिकला पहिला आलेला मुलगा कुठेही पहार मारील तिथे पाणी लागणारच होतं. दोन खोल्यांच्या घरात, पिंपातलं पाणी मोजून वापरणाऱ्या मुलीला "आवडेल ते शीक" म्हणणं हा पोट भरलेल्या माणसाचा सल्ला झाला. तिला तहान आत्ताच लागलीय. घराचा हप्ता आहे, टँकरचे पैसे आहेत, धाकटा भाऊ दहावीला आहे. आणि दुसरीकडे असंही वाटतं, की ही तहान घरादाराची आहे; तिची स्वतःची कुठली ते तिला अजून ठाऊकच नाही. ते कळायच्या आत परसभर खड्डे खणून झाले तर? पण कळेपर्यंत थांब म्हणायला मी कोण? मला तरी कुठे कळलं होतं? मी चाळीसच्या स्पीडने टाइप करत होते.

तिला अजून उत्तर दिलेलं नाही. टॅलीचा क्लास मधेच सोडू नकोस, एवढंच म्हणाले. तेही टॅलीतलं मला काही कळतं म्हणून नव्हे, फी भरून झालीय म्हणून.