तंजावरला बिऱ्हाड हलवण्याआधी

आमच्या खानापूर-आटपाडीकडे भावकीतला एखादा तरी माणूस गलाईच्या धंद्यात परमुलखी असतोच. सोने-चांदी आटवून शुद्ध करायची, हे गलाईचे काम. दुष्काळाने घराबाहेर काढलेली ही माणसे देशभर पसरली आहेत. आमच्या धाकट्यानेही तंजावरला एका पाहुण्याच्या दुकानात काम धरले आणि दोन वर्षांनी म्हणाला, "आता बायको-पोरीला नेतो."

सूनबाई त्याच्यासमोर काही बोलली नाही. सासूजवळ मात्र म्हणाली, "मामांनी एकदा बघून यावं." म्हणून मी निघालो.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. आमचा शाळू पेरून झालेला, आभाळ कोरडे. छत्री कोण घेतो? तंजावरला उतरलो तर धो धो पाऊस! आपला पाऊस परतला की त्यांचा सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हाच तिथला मोठा पाऊस, आणि बंगालच्या उपसागरातली वादळेही याच दिवसांत येतात. १६ नोव्हेंबर २०१८ च्या गाजा वादळात त्या जिल्ह्यातल्या नारळाच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या.

शिवार बघून मात्र डोळे निवले. जिकडे पाहावे तिकडे भात. मेट्टूरचे धरण १९३४ साली पुरे झाले. साठा पुरेसा असला तर रिवाजाप्रमाणे १२ जूनला त्याचे पाणी सोडतात. त्यावर कुरुवै हे लवकरचे भात, मागून सांबा हे लांब मुदतीचे. एवढे पाणी आपल्याला असते तर पोरगा इथे आलाच नसता, असे मनात आले. पण कावेरी येते कर्नाटकातून. तिकडे पाऊस ओढला की इकडचा शेतकरीही आभाळाकडेच बघतो.

जमिनीचे माप तिथे सेंटमध्ये सांगतात, शंभर सेंटांचा एकर. म्हणजे आपला एक गुंठा अडीच सेंटांचा.

बृहदीश्वराचे देऊळ पाहिले. तिथे भिंतीवर सरफोजीराजांच्या वेळचा, १८०३ सालचा लांबलचक लेख कोरलेला आहे, तोही मराठीत! व्यंकोजीराजांनी स्थापलेले भोसल्यांचे राज्य तिथे १८५५ पर्यंत होते. ऊर भरून आला.

घरी येऊन हे सगळे रंगवून सांगितले. सूनबाईने ऐकून घेतले आणि विचारले, "मामा, त्या खोलीत पाणी कधी येतं? पोरीच्या शाळेत काय बोलतात? शेजारीण कशी आहे?"

मी गप्प. धरण पाहिले, देऊळ पाहिले, पण खोलीचा नळ काही पाहिला नव्हता.

मग संक्रांतीच्या सुमारास तीच पंधरा दिवस जाऊन आली. त्यांचा पोंगलही तेव्हाच असतो. नव्या तांदळाचा गोड भात दारात शिजवून उतू घालवतात. पहिल्याच दिवशी दुकानदार तिला "वांगा, वांगा" म्हणाला. हिला वाटले, वांगी विकतोय! वांगा म्हणजे 'या'. 'सरी' म्हणजे 'बरं', आणि आम्ही तर सरी शेतात पाडतो. शेजारीण तिला 'अक्का' म्हणू लागली, तो शब्द मात्र आपल्याच घरचा निघाला. पाणी एक दिवसाआड येते, तेही पहाटे.

शाळेचे कोडे अवघड. सरकारी शाळांत १९६८ पासून तमिळ आणि इंग्रजी या दोनच भाषा, हिंदीचा आधार नाही. पोर पहिलीतली आहे म्हणून निभेल. चौथी-पाचवीतली असती तर मी नको म्हटले असते. मराठी तिला आईनेच शिकवायची, असे ठरले. मी अंकलिपी आणून दिली.

जूनला शाळा उघडायच्या आत निघायचे आहे. सूनबाईने शाळूच्या पिठाचा डबा बांधला आहे, आणि दोन छत्र्या.