काचेच्या कडेवरचा सांडवा

धरणाची भिंत किती उंच असावी, याइतकाच तिचा सांडवा कुठे असावा हा प्रश्न महत्त्वाचा असतो. घरातल्या मत्स्यटाकीला सहसा सांडवा लागत नाही. तिचे पाणी तिथल्या तिथे गाळले जाते. पण टाकीखाली दुसरी टाकी ठेवून तिच्यात पाणी गाळायचे आणि पंपाने पुन्हा वर चढवायचे ठरले, की सांडव्याचा प्रश्न थेट दिवाणखान्यात येऊन उभा राहतो. या खालच्या टाकीला मासे पाळणारी मंडळी ‘संप’ म्हणतात. कामगारांच्या संपाशी या शब्दाचे काही नाते नाही. तरी वीज गेली की तिच्यातला पंप खरोखरच संपावर जातो आणि खरी कसोटी त्या क्षणापासून सुरू होते.

आमची टाकी १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच आहे. तिच्या काचेला भोक नाही. नवी, रिकामी टाकी असती तर साध्या काचेला हिऱ्याची कणी लावलेल्या कटरने, वर पाणी सोडत भोक पाडून घेता आले असते. (टफन्ड काचेला तेही चालत नाही; तिचा क्षणात चुरा होतो.) भरलेल्या, नांदत्या टाकीला हा उपाय नाही. मग उरते ती काचेच्या कडेवर अडकवायची ओव्हरफ्लोची पेटी. तिचा एक कप्पा टाकीच्या आत, दुसरा बाहेर. आणि दोहोंना जोडणारी, कडेवरून वळून जाणारी नळी.

पेटी निवडताना माझ्यासमोर माशांपेक्षा नाना होते. माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. दुपारभर ते घरात एकटे असतात आणि टाकीसमोरच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचतात. भारनियमनाच्या दिवसांत वीज जाते तीही नेमकी दुपारीच. ती परत आल्यावर पंप सुरू झाला आणि सांडवा मात्र सुरू झाला नाही, तर पाणी फरशीवर येणार आणि त्या फरशीवरून ते चालणार. वाकून नळीतली हवा ओढून काढणे त्यांच्याच्याने होणारे नाही. म्हणून अट एकच होती : वीज कितीही वेळा गेली-आली, तरी माणसाचा हात लागता कामा नये.

जुन्या घरांतला वसुदेवाचा प्याला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या नळीचे मर्म चटकन कळेल. पाणी चढत चढत बाळकृष्णाच्या पायाला लागते आणि पेला आपोआप रिकामा होतो. आत लपवलेली वाकडी नळी हे त्याचे रहस्य. पाणी तिच्या वळणावरून गेले की सायफन सुरू होतो आणि नळीत हवा शिरेपर्यंत थांबत नाही. आमच्या पेटीतही हाच सायफन. फरक फक्त वळणाच्या जागेचा. प्याल्यातले वळण पाण्याखाली येते, म्हणून तो स्वतःहून सुरू होतो. टाकीवरचे वळण काचेच्या कडेच्या वर, म्हणजे पाण्याच्याही वर असते. त्यामुळे हा सायफन एकदा तुटला की स्वतःहून सुरू होत नाही. तो तुटूच नये, एवढाच मार्ग उरतो.

बाजारात दोन जातींच्या पेट्या दिसतात. एकीत रुंद, चपटा मार्ग असतो. पाणी त्यातून संथपणे जाते, बुडबुडे वळणाच्या माथ्यावर साचतात आणि ते ओढून काढण्यासाठी वर एक बारीक नळी नि छोटा पंप जोडावा लागतो. दिसायला ही पेटी सुबक, आवाजही कमी. पण तिचे सगळे आयुष्य त्या छोट्या पंपावर टांगलेले. त्याचा पडदा फाटला किंवा नळीत शेवाळ अडकले, तर कळायचे ते पाणी सांडल्यावरच. दुसरीत इंग्रजी यू उलटा केल्यासारख्या गोल नळ्या असतात. ही मी पसंत केली. इथे मोठी नळी घेण्याचा मोह होतो आणि तो टाळावा लागतो. नळी रुंद आणि प्रवाह थोडा असला की वेग मंदावतो, बुडबुडे वाहून जाण्याऐवजी माथ्यावर घर करतात. मी अशा दोन नळ्यांची पेटी घेतली, की एक बंद पडली तरी दुसरी पंपाचे सगळे पाणी नेईल. पंपही पेटीला पाहून ठरवला, पेटी पंपाला पाहून नव्हे. खोक्यावरचा ताशी लिटरचा आकडा पाणी मुळीच वर न चढवतानाचा असतो. प्रत्यक्षात उंचीबरोबर तो घटत जातो.

दुकानात पेटी हातात घेऊन मी एकच गोष्ट मापली. बाहेरच्या कप्प्यातल्या उभ्या नळाचे तोंड यू-नळीच्या टोकांहून बोटभर तरी वर हवे. तसे असले, की वीज गेल्यावर दोन्ही कप्प्यांत पाणी त्या तोंडापर्यंत उरते, नळीची दोन्ही टोके बुडालेली राहतात आणि सायफन भरलेला, पण स्तब्ध राहतो. दुकानदाराला हे माप विचारणारे गिऱ्हाईक नवे असावे. तो रंग दाखवत होता.

इतके करूनही पेटी कधीच दगा देणार नाही, असे मी धरले नाही. हिशेब केला. आमच्या टाकीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे ५.४ लिटर. पाण्याच्या वर चार सेंटिमीटर काच मोकळी, म्हणजे २१.६ लिटरची जागा. संपातला पंपाचा कप्पा मी मुद्दाम १६ लिटरचाच करवून घेतला. सायफन तुटला तर पंप तेवढेच पाणी वर चढवू शकेल आणि मग कोरडा पडेल. पंप जळेल, जळो. उलट बाजूचाही विचार हवाच : पंप थांबला की परतीच्या नळीतून पाणी उलटे खाली येते. तिचे तोंड पाच सेंटिमीटर खोल असेल तर २७ लिटर. म्हणून ते पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ठेवले आणि संपात तेवढी जागा राखली. लहान कप्प्याचा तोटा असा, की उन्हाळ्यात बाष्पीभवनाने तो लवकर उतरतो. रोज सकाळी शिळे पाणी त्यात ओतण्याचे काम नानांनी आपणहून पत्करले आहे. ते तांब्यांनी मोजतात.

मासे पुन्हा वर सोडण्याआधी, नाना घरात असताना, दोन्ही यू-नळ्या काढून पंप तसाच चालू ठेवला. पाणी चढत गेले, नाना खुर्चीत पुढे सरकून पाहत राहिले. काठाच्या एक सेंटिमीटर खाली ते थांबले आणि पंप घरघरू लागला. नानांनी पेन्सिल मागितली आणि काचेच्या चौकटीवर तिथे एक रेघ ओढली.