राखणीची कुत्री अन् सडाची गाठ



आज सोयाबीनची नोंद नाही, राखणीच्या कुत्रीची आहे. मेडशी शिवारात रानडुक्कर अन् रोही काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. जागलीवर माणसाचा डोळा लागतो, कुत्र्याचा लागत नाही. म्हणून हा विषय वावराचाच.

आमची काळी नऊ वर्षांची. उन्हाळ्यात गोचीड काढताना तिच्या मागच्या सडाजवळ बोराएवढी टणक गाठ हाताला लागली. शेजारचे म्हणाले, "काही नाही होत, हळद-चुना लावा." आम्ही तिला गाडीत टाकून अकोल्याला नेलं. गाठ काढून तपासली, कॅन्सर निघाला. लहान असतानाच काढली, म्हणून काळी आज धुऱ्यावर फिरते. पुढचं दर तपासणीला कळेल.

लोक विचारतात, "कुत्री तर काडीसारखी, मग हिला कसा झाला?" वजनाचं बीजप्रक्रियेसारखं आहे. बीजप्रक्रिया केली म्हणून मूळकूज येणारच नाही असं नाही, पण प्रमाण घटतं. स्पेनमधल्या एका अभ्यासात, पहिल्या वर्षातच लठ्ठ झालेल्या कुत्र्यांत सडाच्या गाठी जास्त दिसल्या. म्हणजे पिल्लू असतानाच सांभाळायचं. सगळ्यात मोठा फरक नसबंदीचा. १९६९ च्या अमेरिकी अभ्यासात, पहिल्या माजाआधी नसबंदी झालेल्या कुत्रीला हा धोका नगण्य राहिला. दुसऱ्या माजानंतर केली तर फायदा बराच कमी. मात्र नसबंदीनंतर अंग लवकर सुटतं, तेव्हा खाणं मोजून द्या.

अमेरिकेतच ४८ लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या लावून १४ वर्षं पाहिलं. जोडीतल्या एकाला दुसऱ्याच्या पाऊणपट खाणं. २००२ मध्ये निकाल आला: जास्त खाणारी साधारण ११.२ वर्षं जगली, कमी खाणारी १३. कॅन्सर दोन्हीकडे झाला, पण म्हातारपणाचे आजार सडपातळ कुत्र्यांना उशिरा आले.

आता आपल्या कामाच्या दोन गोष्टी.

एक, बुरशी. भिजलेला मका, काळा पडलेला भुईमूग "कुत्र्याला चालते" म्हणून टाकू नका. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या आदिवासी गावांत अवकाळी पावसात भिजलेल्या मक्यातून अफ्लाटॉक्सिन पोटात गेलं. शंभराहून जास्त माणसं दगावली, अन् त्याच घरातली कुत्रीही कावीळ होऊन मेली. हेच विष माणसाच्या यकृताच्या कॅन्सरचं ठरलेलं कारण आहे.

दोन, फवारणीचं औषध. गोचीड जावी म्हणून पिकाचं कीटकनाशक कुत्र्याच्या अंगाला चोळतात, ते बंद करा. १९८९ च्या एका अभ्यासात, गोचीड-पिसवांचं औषध वारंवार लावलेल्या कुत्र्यांत मूत्राशयाचा कॅन्सर जास्त दिसला, लठ्ठ कुत्र्यांत आणखीच जास्त. मग पिकाच्या औषधाचं काय बोलायचं! डॉक्टरांनी दिलेलंच औषध, सांगितलं तेवढंच वापरा.

गावकुत्र्यांत एक वेगळी गाठ दिसते, लघवीच्या जागी, रक्त गळणारी. तिचा खाण्याशी संबंध नाही, ती संगातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागते. तिच्यावर आठवड्याला एक असं व्हिन्क्रिस्टीनचं इंजेक्शन देतात अन् बहुतेक कुत्री बरी होतात. हे औषध अंगणातल्या सदाफुलीपासून मिळतं. पण पाला कुटून पाजू नका, त्यानं विषबाधा होते.

वजन करायला वेगळा काटा नको. आधी कुत्रं उचलून काट्यावर उभं राहा, मग एकटे, अन् वजा करा. बरगडीवर हात फिरवला की हाडं बोटांना लागली पाहिजेत, पण लांबून मोजता येऊ नयेत. आणि महिन्यातून एकदा, गोचीड काढता काढता, सगळ्या सडांवरून बोटं फिरवा. दोन मिनिटांचं काम आहे. गाठ लागली तर चुना नको, दवाखाना गाठा.