रामलिंगच्या घाटातला पट्टेरी पाहुणा

धाराशिव जिल्हा म्हटलं, की बाहेरच्यांना तुळजापूरची भवानी आणि नळदुर्गचा किल्ला आठवतो. येडशीचं रामलिंग मात्र आपल्या घरचं! धाराशिवहून वीसेक किलोमीटरवर, बालाघाटाच्या डोंगरात पायऱ्या उतरून गेलं, की महादेवाचं जुनं देऊळ, शेजारी ओढा, पावसाळ्यात धबधबा आणि आपल्या पिशवीवर डोळा ठेवून बसलेली माकडं. सीतेसाठी रावणाशी झुंजलेला जटायू इथेच पडला, अशी इथली श्रद्धा आहे. श्रावणात तर बायकामुलांची झुंबड उडते.

याच डोंगरात येडशी रामलिंग घाट अभयारण्य आहे. जेमतेम 22 चौरस किलोमीटरचं. डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या कॅमेऱ्यात चक्क पट्टेरी वाघ उमटला! तो कुठला, हे त्याच्या पट्ट्यांनीच सांगितलं. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे. जुन्या फोटोंशी ताडून पाहिलं, तर स्वारी यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातली निघाली! सरळ रेषेतच हे अंतर तीनशे किलोमीटर भरतं. वळणावळणाने चालणाऱ्या वाघाला तर कितीतरी जास्त पडलं असणार.

हे कॅमेरे झाडाला किंवा खुंटाला गुडघ्याइतक्या उंचीवर बांधतात. अंगाची ऊब आणि हालचाल जाणवली, की फोटो आपोआप निघतो. वाघाच्या डाव्या-उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा. पूर्वी पावलांचे ठसे कागदावर गिरवून मोजणी होई, पण त्यात चुका फार. 2006 च्या गणनेपासून देशभर कॅमेऱ्यांवर भर आला.

पण सगळेच वाघ कॅमेऱ्यासमोर थोडेच येतात? मग आकडा कसा काढायचा? मुलांना घरीच दाखवा. डब्यातल्या हरभऱ्यांतले 40 दाणे कुंकवाने रंगवून परत टाका, डबा नीट हलवा आणि न बघता पुन्हा 40 काढा. त्यात 4 रंगीत निघाले, म्हणजे दहातला एक. तेव्हा डब्यात सुमारे 400 दाणे आहेत. वाघांचंही तसंच: ओळखीचे किती पुन्हा दिसले, नवे किती, यावरून न दिसलेल्यांचा अंदाज. 2022 च्या गणनेत महाराष्ट्रात 444 वाघ धरले गेले, ते याच पद्धतीने.

आपल्या घाटात मात्र हिशेब सोपा होता: एक! आणि खरी काळजी तीच. एवढ्याशा जंगलात नर वाघाचं भागत नाही आणि जोडीला वाघीण नाही. साहजिकच तो बार्शीकडच्या शिवारातही फिरला, गुरं मारली. ज्या घरची दुभती गाय गेली, त्या बाईला वाघाचं कौतुक कसं सांगावं? रात्री पिकाला पाणी द्यायला नवरा गेला, की तिचा डोळा लागत नसे. जानेवारी 2025 मध्ये वनखात्याने खास पथक बोलावलं. वाघाला पकडून सह्याद्रीत सोडायचा बेत होता. स्वारीने त्यांनाही बरेच दिवस हुलकावणी दिली.

वाघ हवा, तर जंगलं जोडणारे ओढे, माळरानं, झाडीचे पट्टे शाबूत हवेत आणि गेलेल्या जनावराची भरपाई वेळेवर मिळायला हवी. नाहीतर कॅमेऱ्यात वाघ दिसेल, पण तो एकटाच.

मैत्रिणींनो, रामलिंगला जाल तेव्हा माकडांना खाऊ घालू नका, प्लॅस्टिकच्या पिशव्या ओढ्यात टाकू नका आणि उन्हं कलायच्या आत मुलांना घेऊन वर या. ते घर आपल्या एकट्याचं नाही!